शेजारचा संगणक उत्तर का देत नाही?

पायथॉनमध्ये दोन संगणकांना एकमेकांशी बोलायला लावणारा प्रोग्राम पंधरा-वीस ओळींत लिहून होतो. आपल्याच लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडायच्या, एकीत सर्व्हर चालवायचा, दुसरीत क्लायंट, आणि 'हॅलो'ला 'हॅलो' मिळतो. तोच क्लायंट शेजारच्या टेबलावरच्या लॅपटॉपवर नेला की मात्र बिनसतं. अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या नेटवर्कच्या प्रात्यक्षिकांत हे हमखास पाहायला मिळतं आणि त्यानंतरची धावपळही ठरलेली असते. कुणी पोर्टचा आकडा बदलून पाहतं, कुणी वायफाय बंद करून चालू करतं, कुणी फायरवॉलच काढून टाकतं, तर कुणी पायथॉन नव्याने टाकायला घेतं. यातल्या एखाद्या उपायाने काम झालंच, तरी बिघडलं काय होतं ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तीच धावपळ.

खरं तर या धावपळीची गरज नसते. जोडणी फसल्यावर पडद्यावर जी एरर येते, ती आपला निरोप कुठपर्यंत पोहोचला आणि कुठे अडला हे बऱ्यापैकी नेमकेपणाने सांगत असते. निरोप आपल्या संगणकाबाहेर पडलाच नाही, समोरच्या संगणकापर्यंत गेला नाही, तिथे जाऊन परत पाठवला गेला, की पोहोचूनही कुणी वाचला नाही, या चार वेगळ्या अवस्था आहेत आणि प्रत्येकीची लक्षणं वेगळी आहेत. ती ओळखायला शिकणं हाच या प्रकरणाचा विषय.

त्याआधी जोडणी कशी होते ते पाहू. पायथॉनचं सॉकेट हे मॉड्यूल म्हणजे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेल्या ४.२ बीएसडी या युनिक्स प्रणालीतल्या सॉकेटवर चढवलेला पातळ थर आहे. ती प्रणाली १९८३ सालची. त्याच वर्षी १ जानेवारीला अर्पानेट हे जाळं टीसीपी-आयपी या नियमावलीवर आलं होतं. चाळीस वर्षं उलटली तरी पायऱ्या त्याच आहेत. सर्व्हर 'बाइंड' करून एक पत्ता आणि एक पोर्ट स्वतःच्या नावावर करतो, 'लिसन' करून मी तयार आहे असं ऑपरेटिंग सिस्टिमला कळवतो आणि 'ॲक्सेप्ट' करून एकेक जोडणी हातात घेतो. क्लायंट फक्त 'कनेक्ट' म्हणतो. त्या एका शब्दामागे तीन छोटी पाकिटं ये-जा करतात: क्लायंटकडून विनंती, सर्व्हरकडून होकार, आणि होकार मिळाल्याची क्लायंटकडून पोच. जोडणीच्या वेळच्या एरर या पहिल्या दोन पाकिटांचं काय झालं, एवढंच सांगतात.

सगळ्यात जास्त दिसणारी एरर म्हणजे 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. नाव वाचून वाटतं की सगळंच बिघडलं, पण ही त्यातल्या त्यात चांगली बातमी आहे. दार ठोठावल्यावर आतून 'असं कुणी इथे राहत नाही' असा आवाज आला, तर निदान घर सापडलं आणि आत माणूस आहे एवढं तरी कळतं. इथेही तसंच. आपलं पाकीट समोरच्या संगणकापर्यंत गेलं, त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमने ते वाचलं, त्या पोर्टवर कुणीच बसलेलं नाही असं तिला दिसलं आणि तिने तत्काळ नकार पाठवला. म्हणजे तार, वायफाय, राउटर हे सगळं ठीक आहे. आता शोधायचं ते सर्व्हरच्या संगणकावरच. सर्व्हर चालूच नसेल, एखाद्या चुकीने मध्येच बंद पडला असेल, वेगळ्या पोर्टवर बसला असेल, किंवा पोर्ट बरोबर असूनही चुकीच्या पत्त्यावर बसला असेल. हे शेवटचं कारण सगळ्यात जास्त छळतं. त्याच्याकडे थोड्या वेळाने येऊ.

दुसरी एरर 'टाइम्ड आउट'. इथे नकार आला नाही, होकारही आला नाही. क्लायंटने विनंती पाठवली, काही क्षण थांबून पुन्हा पाठवली, पुन्हा पाठवली आणि शेवटी नाद सोडला. लिनक्समध्ये बराच काळ चालत आलेल्या रीतीनुसार दर खेपेला थांबण्याचा वेळ दुप्पट होत जातो: १, २, ४, ८, १६, ३२ आणि ६४ सेकंद. बेरीज १२७ सेकंद. क्लायंट दोन मिनिटं नुसता गोठून राहतो आणि मग एरर देतो, त्याचं कारण हे. विंडोज सुमारे २१ सेकंदांतच हार मानतं. अशा शांततेचा अर्थ बहुधा एकच असतो: वाटेत कुणीतरी पाकीट गिळलं. फायरवॉलने ते उत्तर न देता टाकून दिलं, किंवा त्या पत्त्यावर संगणकच नाही. नकार आणि शांतता यांतला फरक ज्याच्या अंगवळणी पडला, त्याचा निम्मा शोध तिथेच संपतो.

तिसरी 'नो रूट टू होस्ट'. एकाच जाळ्यातल्या संगणकाला पाकीट पाठवायचं तर आपला संगणक आधी सगळ्यांना विचारतो की अमुक आयपी पत्ता कुणाचा आहे, तुझा हार्डवेअर पत्ता सांग. एआरपी नावाची ही पद्धत १९८२ पासून चालत आली आहे. कुणीच उत्तर दिलं नाही तर लिनक्स दोन-तीन सेकंदांत 'नो रूट' म्हणून मोकळं होतं. म्हणजे पत्ता चुकला, समोरचा संगणक झोपी गेला, किंवा तो वेगळ्याच जाळ्यात आहे.

पण या एररचा शब्दशः अर्थ घेऊन चालत नाही. फेडोरा किंवा रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर फायरवॉल पाकीट नुसतं टाकत नाही, 'मनाई आहे' असा निरोप परत पाठवते, आणि तो निरोप क्लायंटपर्यंत येताना 'नो रूट टू होस्ट' याच शब्दांत येतो. पिंग व्यवस्थित चालतंय आणि पायथॉन मात्र वाटच नाही म्हणतंय, असं दिसलं तर समोरची फायरवॉल आधी पाहावी. ॲपलच्या मॅकवर आणखी एक गंमत आहे. २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीपासून प्रत्येक ॲपला घरातल्या किंवा कार्यालयातल्या जाळ्यावर इतरांशी बोलण्यासाठी वापरकर्त्याची परवानगी लागते. ती नाकारलेली असेल तर पायथॉनला हीच एरर मिळते आणि माणूस राउटर तपासत बसतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली 'लोकल नेटवर्क' या यादीत ज्या एडिटरमधून प्रोग्राम चालवला, त्याच्यासमोरचं बटण चालू आहे का ते पाहावं.

विंडोजचीही एक खोड लक्षात ठेवायला हवी, नाहीतर वर सांगितलेला नियम फसवा ठरेल. विंडोजची फायरवॉल चालू असताना रिकाम्या पोर्टवर आलेल्या विनंतीला ती सहसा नकार देऊच देत नाही. बाहेरच्याला आपला सुगावा लागू नये म्हणून गप्प राहते. त्यामुळे सर्व्हर विंडोजवर असेल आणि क्लायंटला 'टाइम्ड आउट' मिळत असेल, तर फायरवॉल आडवी आली की सर्व्हरच सुरू नाही, हे केवळ क्लायंटकडून सांगता येत नाही. अशा वेळी उठून सर्व्हरच्या संगणकासमोर बसावं लागतं.

या एररना आकडेही असतात आणि मदत मागताना लोक ते गाळतात, ते बरं नाही. नकाराचा आकडा लिनक्सवर १११, मॅकवर ६१ आणि विंडोजवर १००६१. शांततेचा अनुक्रमे ११०, ६० आणि १००६०. 'नो रूट'चा ११३, ६५ आणि १००६५. आकडा पाहिला की एरर कोणत्या जातीची आणि क्लायंट कोणत्या प्रणालीवर होता, दोन्ही समजतं. पूर्वी पायथॉनमध्ये या सगळ्या एकाच 'सॉकेट एरर'च्या पोटात असायच्या आणि आकडा तपासूनच वेगळ्या कराव्या लागायच्या. २०१२ साली आलेल्या पायथॉन ३.३ पासून 'कनेक्शनरिफ्यूज्डएरर', 'टाइमआउटएरर' अशी स्वतंत्र नावं मिळाली. ती वापरायची सोडून 'काहीही चुकलं तर पुढे चला' असा सरसकट 'एक्सेप्ट' लिहून एरर गिळून टाकणं ही नव्या प्रोग्रामरची सर्वांत महागडी सवय आहे. जोडणीतली अडचण आपल्याला काही सांगू पाहत असते आणि आपणच तिचं तोंड बंद करतो.

आता चुकीच्या पत्त्यावर बसलेल्या सर्व्हरकडे वळू. जोडणी फसण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हेच आहे.

प्रत्येक संगणकाला एकाहून जास्त पत्ते असतात. १२७.०.०.१ हा त्याचा स्वतःशी बोलण्याचा पत्ता. त्या पत्त्यावरचं पाकीट संगणकाबाहेर पडतच नाही. १२७ ने सुरू होणारे १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते या एकाच कामासाठी राखून ठेवले आहेत. दुसरा पत्ता वायफायने दिलेला, समजा १९२.१६८.१.२३. केबल जोडली असेल तर आणखी एक. सर्व्हर 'बाइंड' करतो तेव्हा यातल्या कोणत्या पत्त्यावर आलेली विनंती स्वीकारायची हे तो ठरवत असतो. पुस्तकांतली आणि इंटरनेटवरची बहुतेक उदाहरणं १२७.०.०.१ किंवा 'लोकलहोस्ट' लिहितात, कारण शिकाऊ प्रोग्राम बाहेरच्या जगाला उघडा पडू नये. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण तोच प्रोग्राम शेजाऱ्याला दाखवायचा म्हटलं की शेजाऱ्याची विनंती १९२.१६८.१.२३ वर येते, सर्व्हर बसलेला असतो १२७.०.०.१ वर, आणि ऑपरेटिंग सिस्टिम प्रामाणिकपणे सांगते की त्या पत्त्याच्या त्या पोर्टवर कुणी नाही.

यावर उपाय म्हणजे सर्व्हरने ०.०.०.० वर बसणं, म्हणजे माझ्या सगळ्या पत्त्यांवर आलेलं घेईन असं सांगणं. मात्र ०.०.०.० हा फक्त सर्व्हरने वापरायचा पत्ता आहे. अनेकजण सर्व्हरमधली ओळ उचलून क्लायंटमध्येही ०.०.०.० टाकतात. लिनक्सवर अशी विनंती त्याच संगणकाकडे वळते, त्यामुळे एकाच लॅपटॉपवर ते चालल्यासारखं वाटतं. विंडोजवर १००४९ क्रमांकाची एरर येते. क्लायंटला सर्व्हरचा खरा पत्ताच द्यावा लागतो.

पायथॉनवर उभ्या असलेल्या चौकटींच्या रीतीही एकसारख्या नाहीत. फ्लास्कचा विकासकाळातला सर्व्हर न सांगता १२७.०.०.१ वर बसतो, पोर्ट ५०००. जँगोचाही तसाच, पोर्ट ८०००. उलट पायथॉनसोबतच येणारा साधा एचटीटीपी सर्व्हर काही न सांगता सगळ्या पत्त्यांवर बसतो. एक चालतो आणि दुसरा चालत नाही म्हणून जो गोंधळ होतो, त्याचं मूळ इथे आहे. जँगोला ०.०.०.० वर बसवलं तरी शेजाऱ्याला ४०० क्रमांकाचं पान दिसू शकतं, कारण कोणत्या पत्त्याने हाक मारलेली चालेल याची वेगळी यादी जँगो सेटिंग्जमध्ये ठेवतं. पण ४०० दिसलं म्हणजे जाळं आपलं काम करून मोकळं झालं. दोष आता जँगोच्या सेटिंगमध्ये आहे, हे ओळखून वायफायचा नाद सोडायला हवा.

एक सापळा तर इतका बेमालूम आहे की तो जवळून पाहायला हवा. स्वतःचा पत्ता हाताने लिहायला नको म्हणून अनेक उदाहरणांत सर्व्हर आधी संगणकाचं नाव विचारतो आणि त्या नावावरून पत्ता काढून त्यावर बसतो. विंडोजवर हे बहुधा चालतं. डेबियन आणि उबुंटूवर मात्र इन्स्टॉल करतानाच 'होस्ट्स' या फाइलमध्ये एक ओळ लिहिली जाते, जी संगणकाच्या नावाला १२७.०.१.१ हा पत्ता जोडते. शेवटून दुसरा आकडा शून्य नव्हे, एक. प्रोग्राम नाव विचारतो, १२७.०.१.१ मिळवतो, त्यावर बसतो आणि 'मी तयार आहे' असं छापतो. एरर कुठेच नाही. त्याच संगणकावरचा क्लायंटही नावानेच पत्ता काढत असेल तर तोही जोडला जातो. फक्त शेजारच्याला नकार मिळतो. सर्व्हरने आपण कोणत्या पत्त्यावर बसलो हे छापलं असतं तर हा गुंता एका नजरेत सुटला असता. म्हणून सॉकेटचं नाव विचारणारी 'गेटसॉकनेम' ही पद्धत वापरून पत्ता आणि पोर्ट दोन्ही छापणारी एक ओळ प्रत्येक सर्व्हरमध्ये असावी, असा माझा आग्रह आहे.

'लोकलहोस्ट' या नावातही एक मेख आहे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत त्याचा अर्थ १२७.०.०.१ होतो, सहाव्या आवृत्तीत त्याचा पत्ता निराळा आहे. एकच नाव पण दोन पत्ते, आणि आधी कोणता निवडायचा हे भाषेवर अवलंबून. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या, जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या १७ व्या आवृत्तीने हा क्रम बदलला. त्यानंतर 'लोकलहोस्ट'वर बसलेले कित्येक नोड सर्व्हर फक्त सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यावर सापडू लागले. पायथॉनचा क्लायंट चौथ्या आवृत्तीचं सॉकेट घेऊन १२७.०.०.१ ला गेला तर त्याला नकार मिळतो आणि ब्राउझरमध्ये मात्र तेच पान उघडतं. पायथॉनमध्ये हाताने सॉकेट तयार करण्याऐवजी 'क्रिएट कनेक्शन' वापरलं आणि त्याला नाव दिलं, तर ते त्या नावाचे सगळे पत्ते एकामागून एक करून पाहतं. ते वापरणं केव्हाही चांगलं.

डॉकर वापरणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की कंटेनरच्या आत १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनर स्वतः, आपला लॅपटॉप नव्हे. आतला सर्व्हर त्या पत्त्यावर बसला तर पोर्ट बाहेर काढूनही तो बाहेरून दिसत नाही.

सर्व्हर खरोखर कुठे बसलाय हे तर्काने ठरवायची गरज नाही, ऑपरेटिंग सिस्टिमला विचारता येतं. लिनक्सवर 'एसएस', मॅकवर 'एलसॉफ' आणि विंडोजवर 'नेटस्टॅट' या आज्ञा कोणता प्रोग्राम कोणत्या पत्त्यावर आणि पोर्टवर बसून आहे याची यादी देतात. त्या यादीत आपला पोर्ट नसेल तर सर्व्हर चालू नाही, मग पडद्यावर काहीही छापलेलं असो. पोर्ट १२७ च्या पत्त्यासमोर असेल तर तो बाहेरच्यांसाठी नाही. ०.०.०.० समोर असेल तर सर्व्हर निर्दोष आहे, आता जाळ्याकडे वळावं. यादीत दुसऱ्याच कुणाचं नाव निघालं तर तोही शोध लागतो. २०२१ च्या मॉन्टेरेपासून मॅकवर एअरप्ले रिसीव्हर ५००० हाच पोर्ट धरून बसतो आणि फ्लास्क शिकणाऱ्यांना पहिल्याच दिवशी आपला पोर्ट कुणी पळवला असा प्रश्न पडतो.

जाळ्याकडे वळलं की पहिला प्रश्न: दोन्ही संगणक खरोखर एकाच जाळ्यात आहेत का? विंडोजवर 'आयपीकॉन्फिग', लिनक्सवर 'आयपी ॲड्रेस' ही आज्ञा देऊन दोघांचे पत्ते शेजारी-शेजारी कागदावर लिहावेत. १९२.१६८, १० आणि १७२.१६ ते १७२.३१ यांनी सुरू होणारे पत्ते १९९६ च्या नियमानुसार खासगी जाळ्यांसाठी आहेत. एकाचा पत्ता १९२.१६८.१.२३ आणि दुसऱ्याचा १०.०.०.५ असेल, तर एक वायफायवर आणि दुसरा कुणाच्या तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असण्याची शक्यता दाट. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच एक काढून घेतला आहे. कालचा पत्ता आज लागू असेलच असंही नाही, कारण राउटर पत्ते वाटतो ते ठरावीक मुदतीसाठी. प्रोग्राममध्ये पत्ता कायमचा कोरून ठेवणाऱ्यांना सोमवारी सकाळी अडचण येते ती म्हणून.

पत्ते एकाच जाळ्यातले असूनही संपर्क होत नसेल तर वायफायचा स्वभाव तपासावा. महाविद्यालयं, हॉटेलं, विमानतळ इथल्या जाळ्यांवर आणि घरच्या राउटरच्या 'गेस्ट' जाळ्यावर बहुधा अशी सोय केलेली असते की प्रत्येक उपकरणाला इंटरनेट मिळेल, पण एकमेकांशी बोलता येणार नाही. अनोळखी माणसाच्या लॅपटॉपपासून आपलं रक्षण व्हावं म्हणून हे हवंच. प्रात्यक्षिकापुरता उपाय सोपा: दोन्ही लॅपटॉप एकाच मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून पाहावेत. तिथे चाललं तर प्रोग्राम निर्दोष ठरला, आता जाळं सांभाळणाऱ्या व्यक्तीशी बोलावं.

पिंगवर लोकांचा फार भरवसा असतो. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत हे साधन लिहिलं आणि आजही ते पहिल्या तपासणीला उत्तम आहे. पण त्याच्या उत्तराचा अर्थ मर्यादित आहे. पिंगला उत्तर आलं तर संगणक पोहोचण्याजोगा आहे एवढंच सिद्ध होतं, पोर्टबद्दल काहीच नाही. उत्तर आलं नाही तर तेवढंही सिद्ध होत नाही, कारण विंडोज बाहेरून आलेलं पिंग अनेकदा अडवतं. पोर्ट तपासायचा तर त्याच पोर्टला हात लावावा लागतो: विंडोजवर पॉवरशेलमधलं 'टेस्ट-नेटकनेक्शन', इतरत्र 'नेटकॅट'. हे साधन जोडलं जातंय आणि आपला प्रोग्राम जोडला जात नाही, तर दोष आपल्या प्रोग्राममध्ये आहे.

आता फायरवॉल. विंडोज नव्या वायफायला बहुधा 'पब्लिक' मानतं आणि बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवतं. पायथॉनचा सर्व्हर पहिल्यांदा चालवला की परवानगी विचारणारी खिडकी उघडते. घाईत असलेला माणूस तिथे 'कॅन्सल' दाबतो आणि विसरून जातो. विंडोज मात्र विसरत नाही. त्या पायथॉनच्या फाइलसाठी ते 'अडवा' असा कायमचा नियम लिहून ठेवतं आणि पुन्हा कधीही विचारत नाही. नंतर तुम्ही त्या पोर्टला परवानगी देणारा नवा नियम घातला तरी उपयोग होत नाही, कारण परवानगी आणि मनाई यांत विरोध आला की विंडोजमध्ये मनाई जिंकते. नियम फाइलच्या जागेवर लावलेला असतो, त्यामुळे संगणकावर पायथॉनच्या दोन आवृत्त्या असतील तर एकीने चालतं आणि दुसरीने नाही. इलाज असा: फायरवॉलच्या 'इनबाउंड' नियमांची यादी उघडायची, पायथॉनच्या नावाचे मनाईचे नियम शोधून काढून टाकायचे आणि सर्व्हर पुन्हा चालवायचा. खिडकी पुन्हा उघडेल. तेव्हा नीट वाचून उत्तर द्यायचं. अख्खी फायरवॉल बंद करणं हा निदानाचा मार्ग एखाद्या मिनिटापुरता क्षम्य आहे, उपचार म्हणून नाही.

'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' ही एरर सर्व्हर बंद करून लगेच पुन्हा चालवला की येते. आधीचा सर्व्हर दुसऱ्या खिडकीत जिवंत असतो, किंवा तो गेलेला असूनही त्याची एखादी जोडणी टीसीपीच्या नियमाप्रमाणे काही काळ राखून ठेवलेली असते. लिनक्सवर हा काळ ६० सेकंदांचा. पायथॉन ३.८ पासून असलेलं 'क्रिएट सर्व्हर' या राखून ठेवलेल्या जोडणीची काळजी प्रत्येक प्रणालीला साजेशा रीतीने घेतं.

उरला तो प्रकार जिथे जोडणी होते पण पुढे काहीच होत नाही. इथे एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: पहिली तीन पाकिटं ऑपरेटिंग सिस्टिम परस्पर हाताळते, सर्व्हरने 'ॲक्सेप्ट' म्हणायच्या आधीच. त्यामुळे एका वेळी एकाच क्लायंटशी बोलणाऱ्या सर्व्हरला दुसरा क्लायंट जोडला गेला तर त्याचं 'कनेक्ट' यशस्वी होतं आणि मग तो रांगेत गप्प बसून राहतो. प्रात्यक्षिकात पहिल्या विद्यार्थ्याचं चालतं, दुसऱ्याचं अडकतं, ते यामुळे. प्रत्येक क्लायंटसाठी वेगळा थ्रेड, किंवा 'एसिंकआयओ', हा त्यावरचा मार्ग.

दुसरं कारण म्हणजे टीसीपीला निरोप कुठे संपतो हे माहीत नसतं. तो फक्त बाइटचा ओघ वाहून नेतो. एका 'सेंड'चे दोन तुकडे होऊ शकतात, दोन 'सेंड' एकत्र येऊ शकतात. मराठी मजकूर पाठवणाऱ्याला याचा चटका लवकर बसतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा आणि हलन्तसुद्धा, ३ बाइट घेतं. 'नमस्कार' या शब्दात अशी ७ चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. वाचणाऱ्याने एका वेळी १०२४ बाइट मागितले तर मध्ये जागा न सोडता लिहिलेल्या मजकुरात ३४१ चिन्हं पूर्ण येतात आणि ३४२ व्याचा एकच बाइट हाती लागतो. तो तुकडा तसाच मजकुरात बदलायला गेलं की 'युनिकोडडीकोडएरर'. इंग्रजी 'हॅलो'ने चाचणी करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. एकाच संगणकावर चाचणी घेतली तरी ते लपून राहू शकतं, कारण लिनक्सवर स्वतःशी बोलताना एका पाकिटात ६५,५३६ बाइट मावतात, तर वायफाय आणि इथरनेटवर साधारण १५००. म्हणून आधी लांबी पाठवावी आणि तेवढे बाइट जमेपर्यंत वाचत राहावं, किंवा प्रत्येक निरोप नव्या ओळीच्या खुणेने संपवावा आणि पूर्ण ओळ मिळाल्यावरच तिचा मजकूर करावा.

आणि क्लायंटमध्ये टाइमआउट घालावा. पायथॉनचं सॉकेट काही न सांगितल्यास उत्तराची वाट अनंतकाळ पाहतं. घरगुती किंवा कार्यालयातल्या जाळ्यावर पाच सेकंद भरपूर झाले.

एवढं करूनही अडलात तर मदत जरूर मागा, पण 'कनेक्ट होत नाही' एवढंच सांगू नका. एरर जशीच्या तशी, आकड्यासकट द्या. दोन्ही संगणकांचे आयपी पत्ते, दोन्हींवरची ऑपरेटिंग सिस्टिम, सर्व्हर बसलेला पत्ता आणि पोर्ट, आणि एरर लगेच आली की थांबून आली, हेही लिहा. ही माहिती गोळा करतानाच बऱ्याचदा उत्तर सापडतं. आणि तपासणीसाठी फायरवॉल बंद केली असेल, तर पुढचं प्रकरण उघडण्याआधी ती पुन्हा चालू करा.